वाफसा आल्याशिवाय वर यायचं नाही

"खाले वीस मिन्ट, आनि वर येवाले सव्वा तास? कसाले?"

दिवाळीला भाचा अमळनेरला आला होता. ओट्यावर बसल्या बसल्या माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, त्याला हा प्रश्न विचारला. आप्पांचं आयुष्य वावरात गेलं. तरुणपणी ते विहिरींच्या कामावर सुरुंग लावायचे, पन्नास-साठ फूट खोल विहिरीत दोरावर उतरायचे. उतरायला जेवढा वेळ, तेवढाच चढायला, हा त्यांचा हिशेब. भाचा मात्र समुद्रात साठ मीटर खोल जातो, बुडालेली जहाजं बघतो आणि परत येताना ठरलेल्या खोलीवर अधांतरी लटकून मिनिटं मोजतो. एका थांब्यावर एक मिनिट, पुढच्यावर दोन, आणि डोक्यावर बोटीचा तळ स्पष्ट दिसत असताना वीस-पंचवीस मिनिटं.

जुलै २०२५ मध्ये आयएनएस निस्तार हे खोल पाण्यात उतरणाऱ्या डायव्हरांसाठी बांधलेलं जहाज नौदलात दाखल झालं. तेव्हाही टीव्हीवर हे शब्द कानावरून गेले होते: डायव्हर, दाब, डीकंप्रेशन (म्हणजे अंगावरचा दाब टप्प्याटप्प्याने उतरवणं). मी शाळेत विज्ञान शिकवतो, वायूंचे नियम दर वर्षी फळ्यावर लिहितो. तरी आप्पांच्या प्रश्नाचं पुरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हे थांबे कोण ठरवतं? आणि भाचा म्हणतो तसं ते आपल्या मनाने 'ॲडजस्ट' करता येतात, म्हणजे नक्की काय करता येतं?

रक्तात मुरणारी हवा

आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब एक बार धरू. समुद्रात दर दहा मीटर खोलीला त्यात आणखी एक बार पडतो. म्हणजे साठ मीटरवर सात बार. तिथे छाती फुगवायची तर फुप्फुसात येणारा वायूही सात बारचाच लागतो, आणि पाठीवरच्या सिलिंडरला जोडलेलं रेग्युलेटर नेमकं तेच काम करतं. आजूबाजूला जेवढा दाब, तेवढ्याच दाबाने श्वास देतं.

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. शरीराला त्याचा उपयोग नाही, पण दाब वाढला की तो रक्तात आणि तिथून स्नायू, चरबी, मज्जा, सांधे अशा सगळीकडे विरघळत जातो. खाली असेपर्यंत त्याचा काही त्रास नाही. अडचण येते ती वर येताना.

गोटी सोडा आठवा. बाटलीत वायू असतो, पण दिसत नाही. गोटी दाबली की दाब एकदम उतरतो आणि फेस वर येतो. पाणबुड्या भरकन वर आला तर तेच त्याच्या शरीरात होतं. बुडबुडे सांध्यात धरले तर असह्य कळा येतात, मज्जारज्जूत अडकले तर पाय लुळे पडतात, आतल्या कानात गेले तर माणसाला उभं राहता येत नाही. या आजाराला 'बेंड्स' म्हणतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया खणणारे मजूर नदीच्या तळाशी दाबाच्या हवेत काम करत आणि पाळी संपली की बाहेर येऊन कळवळत. पुलाचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग यालाही १८७२ मध्ये हाच आजार जडला. १८८३ मध्ये पूल उघडला तोवर तो घराच्या खिडकीतून दुर्बिणीने काम बघत होता आणि त्याचे निरोप त्याची बायको एमिली पुलावर पोचवत होती. पॉल बर्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने नायट्रोजनच्या बुडबुड्यांवर बोट ठेवलं ते १८७८ मध्ये, पूल अर्धवट असताना.

आमची पोरं विहिरीचा तळ गाठतात, त्यांना कसं काही होत नाही?

आप्पांचा दुसरा प्रश्न हाच होता, आणि रास्त होता. विहिरीत मुटका मारणारं पोरगं छातीत एकच श्वास घेऊन जातं. त्या एका श्वासातला नायट्रोजन असून असून किती असणार, आणि वेळही मिनिटभराचा. पाणबुड्या मात्र खाली दाबाची हवा एकसारखी ओढत असतो. (तरी हेही पूर्ण सरसकट नाही. प्रशांत महासागरातल्या तुआमोतू बेटांवर मोती काढणारे लोक दिवसभर खोल बुड्या मारायचे. त्यांनाही बेंड्ससारखा आजार व्हायचा, त्याला ते 'तारावाना' म्हणत.)

काळं वावर आणि बरड

आता मूळ गोष्ट. १९०८ मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी शेळ्या-बोकडांवर प्रयोग करून थांब्यांचं पहिलं भरवशाचं कोष्टक मांडलं. दाब निम्म्यावर येईपर्यंत शेळ्यांना बहुधा काही होत नव्हतं. म्हणून आधी बऱ्यापैकी अंतर सलग वर यायचं, मग थोडंथोडं करून. पण त्यांची खरी दृष्टी दुसरीकडे होती. सगळं शरीर एकाच वेगाने नायट्रोजन पीत नाही आणि एकाच वेगाने सोडतही नाही, हे त्यांनी हिशेबात धरलं.

भाचा हे इंग्रजी शब्दांत समजावत होता. आप्पांनी त्याला मध्येच थांबवलं. "काया वावरमा आनि बरडमा वाफसा एकच दिन येस का?"

याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. पाऊस पडला की बरड, मुरमाड जमीन झटकन भिजते आणि दुसऱ्या दिवशी वाफशावर येते. काळी जमीन सावकाश पिते, पण एकदा प्यायली की आठ-आठ दिवस पाय ठेवू देत नाही. शरीरात रक्त आणि मेंदू हे बरडासारखे, कारण तिथे रक्तपुरवठा भरपूर. चरबी आणि सांध्यांभोवतालचा भाग काळ्या जमिनीसारखा. थांबा म्हणजे वाफशाची वाट बघणं.

हॉल्डेनने असे पाच कप्पे कल्पिले. झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान यांनी पुढे सोळा केले, आणि आज बहुतेक टेक्निकल डायव्हरांच्या, म्हणजे भाच्यासारख्या थांबे घेत खोल जाणाऱ्यांच्या, मनगटावरचा कॉम्प्युटर त्याच सोळा कप्प्यांवर चालतो. प्रत्येक कप्प्याला अर्धं भरायला लागणारा वेळ ठरलेला आहे. सगळ्यात चपळ कप्प्याला चार मिनिटं, सगळ्यात संथ कप्प्याला ६३५ मिनिटं. खाली अर्धा तास काढला तर चपळ कप्पा काठोकाठ भरतो आणि संथ कप्पा जेमतेम तीन टक्के. हे कप्पे म्हणजे कापून दाखवता येतील असे अवयव नव्हेत, हिशेबासाठी पाडलेले वाटे आहेत. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

शेवटचे तीन मीटर सगळ्यात अवघड

साठ मीटरवरून सत्तावन्नवर आलं की दाब सात बारवरून ६.७ वर येतो. फरक चार टक्के. तीन मीटरवरून पृष्ठभागावर आलं की १.३ वरून एकवर. फरक तेवीस टक्के! अंतर तेच तीन मीटर, पण वरच्या तीन मीटरांत शरीराला बसणारा हिसका पाच-सहा पटींनी मोठा. म्हणून थांबे खाली छोटे आणि वर लांबलचक असतात. ऊन दिसतंय, बोटीवरच्या माणसांचे आवाज ऐकू येतायत, सिलिंडरमधला वायू उतरतोय, आणि तरी थांबायचं. भाच्याच्या मते शिस्तीची परीक्षा खाली होत नाही, इथे होते.

या उथळ थांब्यांवर डायव्हर सिलिंडर बदलतो. २१ मीटरवर अर्धा ऑक्सिजन असलेलं मिश्रण, सहा मीटरवर शुद्ध ऑक्सिजन. श्वासात नायट्रोजन नसला की आतला नायट्रोजन लवकर बाहेर पडतो, ओल्या वावरावर कडक ऊन पडावं तसा. पण हाच ऑक्सिजन तीस मीटरवर चुकून तोंडाला लावला तर फिट येऊ शकते, आणि पाण्याखाली फिट म्हणजे बहुतेक वेळा मरण. म्हणून प्रत्येक सिलिंडरवर तो किती मीटरपर्यंत चालतो ते हाताएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि बदलताना जोडीदार ते डोळ्यांनी वाचून खात्री करतो.

धोका पातळी निसर्गाची, इशारा पातळी तुमची

आता 'ॲडजस्ट' करणं म्हणजे काय ते बघू.

तापीच्या पुलाखांबांवर दोन रेघा असतात, इशारा पातळी आणि धोका पातळी. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे एकदम सताड उघडत नाहीत, टप्प्याटप्प्याने उघडतात, म्हणजे खालच्या गावांत पाणी धोक्याच्या रेघेला लागणार नाही. शरीराच्या प्रत्येक कप्प्यालाही अशी एक रेघ आहे. बाहेरचा दाब अमुक असताना आत जास्तीत जास्त तमुक वायू चालेल, त्यापुढे आजाराची शक्यता फार. अमेरिकी नौदलाचे रॉबर्ट वर्कमन यांनी १९६५ मध्ये ती नीट मांडली.

पण ही रेघ पक्की नाही. तिच्या अलीकडेही काही जण आजारी पडतात, कारण माणसं एकसारखी नसतात. म्हणून डायव्हर आपली इशारा पातळी स्वतः आखतो. एरिक बेकर या अमेरिकी इंजिनिअरने १९९० च्या दशकात त्यासाठी जी पद्धत सुचवली तिला 'ग्रेडियंट फॅक्टर' म्हणतात. दोन आकड्यांत ती सांगतात, उदाहरणार्थ ३०/७०.

समजण्यापुरतं गणित करू. बाहेरचा दाब चार बार आहे आणि एका कप्प्याची धोका पातळी सहा बार आहे. म्हणजे दोन बार जादा चालतील. तुमचा आकडा ३० असेल तर तुम्ही म्हणता, त्या दोन बारचे तीसच टक्के, म्हणजे ०.६ बार जादा झाला की मी थांबणार. आकडा ७० असेल तर १.४ बारपर्यंत चालत राहणार. जोडीतला पहिला आकडा पहिला थांबा किती खोल लागेल ते ठरवतो. जितका लहान, तितकं खालीच थांबावं लागतं. दुसरा आकडा पाण्याबाहेर डोकं काढताना शरीर रेघेच्या किती जवळ असेल ते ठरवतो. तो लहान केला की वरचे थांबे लांबतात. मधल्या प्रवासात कॉम्प्युटर एका आकड्यावरून दुसऱ्याकडे सरळ रेषेत सरकत जातो.

म्हणजे 'सुरक्षित' असा शिक्का कोणत्याच आकड्यावर नाही. किती धोका पत्करायचा ते डायव्हर किनाऱ्यावर, कोरड्या कपड्यांत ठरवतो, आणि पाण्यात उतरल्यावर ते बदलत नाही.

खोलवरच थांबलं तर जास्त बरं नाही का?

इथे गेल्या तीस वर्षांतली सगळ्यात बोलकी गोष्ट येते.

रिचर्ड पाइल हे माशांचे अभ्यासक. खोल पाण्यातले दुर्मीळ मासे ते जिवंत पकडून आणायचे. वर येताना माशाच्या पोटातली वायूची पिशवी फुगते आणि मासा मरतो. म्हणून ते वाटेत, नेहमीच्या पहिल्या थांब्याच्या बरंच खाली, दोन-तीन मिनिटं थांबून सुईने ती पिशवी मोकळी करायचे. त्यांच्या लक्षात आलं की ज्या दिवशी मासे मिळतात त्या दिवशी बुडीनंतर थकवा कमी वाटतो. मासे नसले की अंग जड. हा फरक त्या खोल थांब्यामुळे पडतो असं त्यांना वाटलं आणि त्यांनी तसं लिहिलं. तर्कही सुंदर होता: बुडबुडा जन्मतानाच, खालीच, दाबून टाकायचा, म्हणजे वर तो मोठा होणारच नाही. जगभरचे टेक्निकल डायव्हर खोल थांबायला लागले, पहिला आकडा वीस-तीसवर आणून ठेवला.

मग अमेरिकी नौदलाने ते मोजून पाहिलं. स्वयंसेवक पाणबुड्यांना ५२ मीटरच्या दाबावर ३० मिनिटं ठेवलं आणि वर यायला दोन्ही गटांना तेवढीच, १७४ मिनिटं दिली. फरक एवढाच की एका गटाचे थांबे खोलवर वाटलेले आणि दुसऱ्याचे उथळ पाण्यात. २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. उथळ थांब्यांच्या १९२ बुड्यांत तिघांना बेंड्स झाले, खोल थांब्यांच्या १९८ बुड्यांत अकरा जणांना.

असं का? आप्पांच्या भाषेत सांगतो. खोलवर थांबलं की बरडाचं पाणी उतरतं हे खरं. पण तिथे पाऊस चालूच असतो. काळं वावर त्या मिनिटांतही भिजतच राहतं. बरड वाचवायच्या नादात काळ्या जमिनीत चिखल वाढवून ठेवला, आणि तो वाळवायला वर पुरेसा वेळ उरला नाही.

या प्रयोगावर आक्षेप आले, आणि ते फेटाळण्यासारखे नाहीत. त्यात पाणबुड्यांनी अखेरपर्यंत साधी हवाच घेतली. भाच्यासारखे लोक वर ऑक्सिजन घेतात, शिवाय हेलियमचं मिश्रण वापरतात, कारण तेवढ्या खोलीवर साध्या हवेने दारू प्यायल्यासारखी गुंगी येते. प्रयोगातले खोल थांबेही टेक्निकल डायव्हर घेतात त्याहून लांब होते. तरी दिशा स्पष्ट होती, आणि अनेक अनुभवी डायव्हरांनी पहिला आकडा चाळीस-पन्नासच्या पुढे नेला. भाचा सध्या ५०/७५ वर आहे. पाइल यांना अंगात वाटलेला फरक त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवला होता. पण अंगाला बरं वाटणं आणि आजार टळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच मोजाव्या लागतात.

मग सगळ्यात लहान आकडे लावून निर्धास्त का होऊ नये?

पहिला आकडा फार लहान केला तर काय होतं ते वर आलंच. सावधपणा म्हणून केलेली गोष्ट उलटी पडते. दुसरा आकडा लहान केला तर थांबे लांबतात, हे बहुतेक वेळा चांगलंच. पण प्रत्येक जादा मिनिटाला सिलिंडरमधला वायू लागतो, आणि तो मोजून नेलेला असतो. गारठा वाढतो, हात बधिर होतात, प्रवाह बोटीपासून लांब ओढून नेतो. बेंड्सवर इलाज आहे, बुडण्यावर नाही. म्हणून जाणता डायव्हर आधी वायू किती नेता येईल ते बघतो, एखादं सिलिंडर निकामी झालं तर काय याचा वेगळा हिशेब करतो आणि मग आकडे ठरवतो.

कॉम्प्युटरला तुमच्या रक्तातलं काही कळत नाही

मनगटावरचं यंत्र खोली, वेळ आणि पाण्याचं तापमान मोजतं. बाकी सगळा अंदाज. तुम्ही रात्री झोपलात का, पाणी प्यायलात का, खाली जहाजाच्या सांगाड्यात जोर लावून काही ओढलंत का, हे त्याला ठाऊक नाही. साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली जन्माआधीची खिडकी पूर्ण मिटलेली नसते. एरवी त्याचा पत्ताही लागत नाही. पण नसांतून आलेले बारीक बुडबुडे फुप्फुसात गाळले न जाता त्या खिडकीतून थेट मेंदूकडे जाऊ शकतात. ज्याला असं आहे, त्याने आकडे खूप सावध ठेवायचे, किंवा खोल जायचंच नाही.

थंडीचा खेळ तर मला फार नवलाचा वाटला. खाली उबदार आणि थांब्यावर गार, ही सगळ्यात वाईट जोडी. ऊब असताना रक्त जोरात फिरतं आणि नायट्रोजन भराभर आत जातो. मग गारठ्याने नसा आक्रसतात आणि तो बाहेर पडत नाही. नेमकं हेच बहुतेकांच्या वाट्याला येतं, कारण खाली माणूस हालचाल करत असतो आणि वर नुसता लटकलेला.

आणि उंची. हे आपल्याकडच्या तोरणमाळवरून समजेल. सातपुड्यात साधारण ११५० मीटरवर हवेचा दाब ०.८८ बारच्या आसपास असतो. तिथल्यासारख्या उंचीवर एखाद्या तलावात वीस मीटर खोल गेलं तर बाहेर येताना दाब सुमारे सव्वातीन पटींनी उतरेल. समुद्रात त्याच बुडीला तीन पट. म्हणून डोंगरावरच्या पाण्यात समुद्राचं कोष्टक जसंच्या तसं चालत नाही, थांबे वाढवावे लागतात.

जळगाव-धुळ्याकडून तारकर्लीला जाणाऱ्यांनी यावरून घाबरायचं कारण नाही. तिथे पर्यटकांना शिक्षक हाताला धरून काही मीटरच खाली नेतो. पण कुणी रीतसर कोर्स करून अठरा-वीस मीटरच्या बुड्या मारल्या असतील, तर त्याच दुपारी घाट चढून परतीला लागू नये. विमानाचा नियम तर ठरलेला आहे: दिवसभरात किंवा सलग काही दिवस अशा बुड्या झाल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं. भाच्यासारख्या थांबे घेऊन केलेल्या बुडीनंतर त्याहून बरंच जास्त.

आणि चुकलंच तर?

बुडीनंतर सांधा दुखला, हातापायाला मुंग्या आल्या, चक्कर आली, तर 'वजन उचललं म्हणून दुखत असेल' असं म्हणत रात्र घालवायची नाही. शुद्ध ऑक्सिजन लावायचा आणि जमिनीवरच्या दाबाच्या बंद कक्षापर्यंत (चेंबरपर्यंत) पोचायचं. तिथे माणसाला पुन्हा साधारण १८ मीटर खोलीच्या दाबाखाली नेतात, बुडबुडे दाबून बारीक करतात आणि ऑक्सिजन देत देत सावकाश वर आणतात. नेहमीचं एक सत्र पावणेपाच तासांचं. जो सव्वा तास थांबायचा कंटाळा केला त्याची वसुली अशी होते, आणि उशीर झाला तर मज्जारज्जूला झालेली इजा पूर्ण भरून येईलच असं नाही. पाण्याखाली परत जाऊन स्वतःच इलाज करणं हा मोह मात्र टाळायचा. फिट आली तर तिथे सावरणारं कुणी नसतं.

हे सगळं ऐकून झाल्यावर आप्पा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग तठे लटकीसन करस काय?"

भाचा म्हणाला, "काहीच नाही, आप्पा. घड्याळ बघतो. जोडीदाराचे डोळे बघतो. श्वास सावकाश सोडतो." आणि वेळ पुरा झाल्याचं कॉम्प्युटरने दाखवलं तरी तो सरळ वर जात नाही. सहा मीटरच्या थांब्यावरून निघाला की मिनिटाला एक मीटर, असं सरकतो. त्या सहा मीटरांना तो सहा मिनिटं घेतो.